कुलूप काढल्यानंतरचे काम

१

पीएच.डी.च्या प्रबंधातले ऋणनिर्देशाचे पान हा आपल्याकडे एक ठरीव लेखनप्रकार होऊन बसला आहे. आधी मार्गदर्शक, मग विभागप्रमुख आणि प्राचार्य, मग आईवडील, पती किंवा पत्नी, मुले, अक्षरजुळणी करून देणारे, आणि सगळ्यात शेवटी ‘विद्यापीठ ग्रंथालयातील सर्व कर्मचारीवर्ग’. नाव बहुधा नसतेच. चार-पाच वर्षे ज्यांच्याकडून पुस्तके मागवली, जुन्या अंकांच्या बांधीव फाइली काढून घेतल्या, दुसऱ्या गावच्या ग्रंथालयातून लेखाची प्रत आणवली, ती माणसे एका समूहवाचक नामात मावतात. यात कृतघ्नपणा नसतो. ग्रंथालयाचे काम नीट झाले की ते दिसत नाही. मागितलेले पुस्तक हातात आले, की ते तिथे कसे होते, कुणी निवडले, कुणी नोंदले आणि दहा वर्षे कुणी जपले, हे प्रश्न कुणाला पडत नाहीत. पुस्तक मिळाले नाही, तरच ग्रंथपाल आठवतो.

प्रस्तुत पुस्तक या न दिसणाऱ्या कामाबद्दल आहे. विद्यापीठांची ग्रंथालये संशोधनाला नेमके कोणते साहाय्य करतात आणि खुल्या शिक्षणाच्या चळवळीत त्यांची जागा कोणती, हे दोन प्रश्न त्याच्या केंद्रस्थानी आहेत. ते सुटे नाहीत. संशोधन ज्या साधनांवर उभे राहते ती साधने कुणाला मिळतात आणि कुणाला मिळत नाहीत, हाच दोहोंचा गाभा आहे.

गेल्या पंचवीस वर्षांत ज्ञान खुले करण्याविषयी पुष्कळ बोलले गेले. २००१ साली अमेरिकेतील एमआयटीने आपले अभ्यासक्रम इंटरनेटवर विनामूल्य ठेवण्याचे जाहीर केले. २००२ साली बुडापेस्टच्या घोषणापत्राने शोधनिबंध वाचकाला मोफत मिळावेत अशी मागणी मांडली आणि त्याच वर्षी युनेस्कोच्या एका बैठकीत खुल्या शैक्षणिक साधनांची कल्पना नावारूपाला आली. या सगळ्यातून आपल्याकडे एक सोपी समजूत रुजली. फाइल संकेतस्थळावर चढवली, की ज्ञान खुले झाले. ही समजूत अपुरी आहे, हे मला या प्रस्तावनेत मांडायचे आहे. कुलूप काढणे ही सुरुवात झाली. आत काय आहे ते सापडले पाहिजे, त्यावर विश्वास ठेवता आला पाहिजे, ते वापरण्याचा हक्क स्पष्ट असला पाहिजे आणि ते उद्याही जागेवर असले पाहिजे. या चारही गोष्टी माणसांच्या रोजच्या श्रमाने होतात, आणि हे श्रम ज्या जागी होतात तिला ग्रंथालय म्हणतात.

२

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी संस्था म्हणून. शिकवायचे ते महाविद्यालयांनी. १८६४ साली प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयाच्या इमारतीसाठी दोन लाख आणि तिच्यालगत मनोरा उभारण्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या मातोश्री राजाबाई यांचे नाव मिळाले. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्याबरहुकूम उभारलेले हे काम १८७८ साली पुरे झाले. समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र यांसारखे विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापनविभाग १९१९पासून सुरू झाले. म्हणजे शिक्षक येण्याच्या चाळीस वर्षे आधी ग्रंथालयाची वास्तू तयार होती. पण वास्तू एका देणगीतून उभी राहते, ग्रंथालय मात्र दरवर्षीच्या तरतुदीतून चालते. हा फरक आपल्या विद्यापीठांच्या अंगवळणी पुढेही फारसा पडला नाही.

ग्रंथालय म्हणजे पुस्तकांचे कोठार, त्याची राखण करणारा तो ग्रंथपाल, ही कल्पना मोडून काढली ती शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. ते मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, अभ्यासासाठी लंडनला गेले आणि परतल्यावर ग्रंथालयाची घडीच त्यांनी बदलली. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ वापरासाठी असतात, वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा आणि ग्रंथालय वाढत राहते हे ध्यानात ठेवावे, असा त्यांचा आशय. आज ही सूत्रे ग्रंथालयशास्त्राच्या परीक्षेत पाठ करून लिहिली जातात, म्हणून त्यांची धार जाणवत नाही. ज्या काळात कपाटांना कुलपे होती आणि वाचकाने चिठ्ठी लिहून देवघेवीच्या खिडकीशी ताटकळायचे होते, त्या काळात ग्रंथ वापरासाठी असतो असे म्हणणे हे बंड होते. तिसरे सूत्र तर आजच्या चर्चेच्याही पुढे आहे. वाचकाने मागितले ते देणे पुरेसे नाही, जे पुस्तक कुणीच मागत नाही त्याचाही वाचक शोधला पाहिजे, अशी जबाबदारी ते ग्रंथपालावर टाकते.

स्वातंत्र्यानंतर डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) विद्यापीठाच्या एकूण अंदाजपत्रकातले सुमारे सव्वासहा टक्के ग्रंथालयावर खर्च व्हावेत, अशी शिफारस केली. १९५७ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ग्रंथालयांसाठी रंगनाथन यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याच सुमारास महाराष्ट्रातली नवी विद्यापीठे आकार घेत होती. १९४९ साली सुरू झालेल्या पुणे विद्यापीठाने आपल्या ग्रंथालयाला पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर यांचे नाव दिले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात बॅ. बाळासाहेब खर्डेकरांच्या नावाचे ग्रंथालय उभे राहिले. आता या दोन्हींच्या पाट्यांवर ज्ञानस्रोत केंद्र असे लिहिलेले असते. पाटी बदलली तशी अपेक्षाही वाढली. सव्वासहा टक्क्यांची शिफारस मात्र अहवालातच राहिली. आपल्या विद्यापीठाचे अंदाजपत्रक उघडून तो आकडा ताडून पाहण्याची सवय वाचकांनी लावून घ्यावी, असे मी सुचवीन.

३

संशोधनाला पुस्तकांपेक्षा नियतकालिके अधिक लागतात, विशेषतः विज्ञानात. इथे पैशाचा प्रश्न उघडा पडतो. प्राध्यापक सरकारी पगारावर संशोधन करतो, निबंध लिहून प्रकाशकाला विनामूल्य देतो, दुसरा प्राध्यापक तो विनामूल्य तपासतो आणि मग तोच निबंध विकत घेण्यासाठी विद्यापीठाचे ग्रंथालय डॉलरमध्ये वर्गणी भरते. किमती अशा चढत गेल्या, की २०१२ साली हार्वर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठाच्या समितीनेही हा बोजा पेलण्यापलीकडे गेल्याचे आपल्या प्राध्यापकांना कळवले. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ साली एल्सव्हियर या बलाढ्य प्रकाशकाशी असलेला करारच थांबवला आणि दोन वर्षांनी आपल्या अटी बऱ्याच अंशी मान्य करून घेऊन नवा करार केला. या वाटाघाटींत विद्यापीठाच्या बाजूने ग्रंथपाल बसलेले होते.

भारतात वेगळी वाट चोखाळली गेली, ती एकत्र खरेदीची. या वाटेचा उगम पुण्यात आहे, हे फार जणांना ठाऊक नसते. विद्यापीठांची ग्रंथालये संगणकाने जोडण्याचा इन्फ्लिबनेट हा प्रकल्प १९९१ साली सुरू झाला तो आयुकात, म्हणजे पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या खगोलशास्त्राच्या केंद्रात. १९९६ साली तो स्वतंत्र संस्था झाला. आज त्याचे कार्यालय गांधीनगरला आहे. पुढे या संस्थेने विद्यापीठांच्या वतीने प्रकाशकांशी सामुदायिक करार केले, महाविद्यालयांसाठी एन-लिस्ट ही योजना आणली आणि २०१५ साली एकत्र खरेदीचे निरनिराळे संघ जोडून ई-शोधसिंधू उभी केली. एखाद्या तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात एन-लिस्टचा पासवर्ड मिळालेला प्राध्यापक, त्याच्या ग्रंथालयाला एरवी कधीच परवडली नसती अशी हजारो पुस्तके आपल्या टेबलावर उघडू शकतो. अडचण एवढीच, की पासवर्ड घेतला जातो आणि वापरला जात नाही. तो कसा वापरायचा हे दाखवायला ग्रंथपाल लागतो, आणि त्याला ते दाखवायला वेळापत्रकात तास लागतो.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, केंद्र आणि राज्य सरकारांच्या ६,३००हून अधिक संस्था आणि जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक, असा तिचा आवाका सांगितला गेला. आयआयटीला जे मिळत होते ते गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठालाही मिळावे, हा त्यातला समतेचा भाग निर्विवाद मोलाचा आहे. तरीही हे खुलेपण नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. वर्गणी भरून मिळालेला प्रवेश वर्गणी थांबली की थांबतो. निवृत्त प्राध्यापक, गावातला डॉक्टर, कोणत्याही संस्थेत नसलेला अभ्यासक, नोकरी सोडून वृत्तपत्रांचा इतिहास लिहिणारा पत्रकार, हे सारे या दाराबाहेरच राहतात. मराठीतल्या संशोधनाचा मोठा वाटा अशाच संस्थेबाहेरच्या माणसांनी उचललेला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या उणिवेचे वजन कळते.

४

वर्गणीचा प्रवाह बाहेरून आत येतो. विद्यापीठात तयार झालेले ज्ञान आतून बाहेर जावे, यासाठीही ग्रंथालयच राबते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००२ साली आपल्या संशोधकांचे निबंध खुल्या भांडारात ठेवायला सुरुवात केली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी एम.फिल. आणि पीएच.डी.च्या प्रबंधांची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे आवश्यक ठरवले आणि त्यातून प्रबंधांचे खुले भांडार असलेली ‘शोधगंगा’ वाढली. आज तिच्यात देशभरातले लाखो प्रबंध कुणालाही, कोणत्याही ओळखपत्राशिवाय वाचता येतात.

याने काय बदलले ते समजून घ्यायला आधीची स्थिती आठवावी लागते. प्रबंधाच्या मोजक्या बांधीव प्रती निघत. एक ग्रंथालयाच्या कपाटात, एक विभागात, एक मार्गदर्शकाकडे. परगावच्या विद्यार्थ्याने ती पाहायची म्हणजे मार्गदर्शकाचे पत्र घेऊन प्रवास करायचा, वाचनकक्षात बसून हाताने टिपणे काढायची. त्यामुळे एकाच विषयावर तीन विद्यापीठांत तीन प्रबंध होत आणि तिघांनाही एकमेकांचा पत्ता नसे. ‘ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रण’ हा विषय कितीदा हाताळला गेला ते आता घरबसल्या पाहता येते. पाहता येत असूनही तो विषय पुन्हा नोंदवला जातो, ही गोष्ट वेगळी.

पण शोधगंगेतल्या मराठी प्रबंधांपाशी आलो, की माझा मूळ मुद्दा ठळक होतो. हजारो मराठी पाने श्रीलिपी किंवा कृतीदेव यांसारख्या जुन्या फाँटांत टंकलेली आहेत. डोळ्यांना मजकूर मराठी दिसतो, संगणकाला मात्र ती रोमन अक्षरांची अर्थहीन माळ असते. युनिकोड या आजच्या प्रमाणित संकेतात ‘बलुतेदारी’ असा शोध घेतला, तर ज्या प्रबंधात तो शब्द पानोपानी आहे तोच सापडत नाही. काही प्रबंध तर पानांची नुसती छायाचित्रे आहेत. असा प्रबंध खुला आहे, मोफत आहे, आणि तरीही मुका आहे. त्याला वाचा फोडायची तर मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो, ओसीआर या अक्षरओळख-प्रणालीने ओळखलेली अक्षरे माणसाने तपासावी लागतात, विषयशीर्षके द्यावी लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात वाहवा नाही, आणि ते केल्याशिवाय खुलेपणाला अर्थ नाही.

नावांचा प्रश्न त्याहून बिकट. बाळूताई खरे, विभावरी शिरूरकर आणि मालतीबाई बेडेकर या तीन नावांमागे एकच लेखिका आहे, हे मराठीच्या अभ्यासकाला माहीत असते. संगणकाला ते कुणीतरी सांगावे लागते. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर, किंवा वि. का. राजवाडे आणि विश्वनाथ काशिनाथ राजवाडे, यांचेही तसेच. ही नावे रोमन लिपीत गेली, की प्रत्येक टंकलेखकाच्या कानाप्रमाणे त्यांची वर्णजुळणी बदलते. नावे एका ठिकाणी बांधणाऱ्या अधिकृत नामसूचीचे काम तालिकाकार पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली, आणि पुढच्या खंडात ती १९५०पर्यंत आणली. त्या सूचीवर मराठीतले किती संशोधन उभे आहे याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. दाते यांच्याकडे संगणक नव्हता, पण सूची म्हणजे काय याची लख्ख समज होती. आज आपल्याकडे उलट परिस्थिती आहे.

५

जुन्या ग्रंथांच्या बाबतीत विद्यापीठ ग्रंथालयांची जबाबदारी आणखी मोठी आहे, कारण अनेक पुस्तकांच्या शेवटच्या प्रती त्यांच्याकडे उरल्या आहेत. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे उदाहरण घेण्याजोगे आहे. तिच्या ग्रंथालयाची मुळे १९०५ साली स्थापन झालेल्या भारत सेवक समाजाच्या ग्रंथसंग्रहात आहेत. संस्था १९३० साली निघाली, आणि पुढे ग्रंथालयाला धनंजयराव गाडगीळांचे नाव मिळाले. ब्रिटिश काळातले अहवाल, जनगणनेचे खंड, जिल्ह्यांची गॅझेटिअरे, शेतीच्या पाहण्या असा दुर्मीळ ऐवज या ग्रंथालयाने स्कॅन करून आपल्या डिजिटल भांडारात सर्वांसाठी ठेवला. दख्खनच्या शेतकऱ्यावर लिहिणारा परदेशातला अभ्यासक आणि आपल्या गावचा इतिहास शोधणारा शाळामास्तर आता एकाच अहवालाचे एकच पान उघडतात.

गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा व्यक्तिगत ग्रंथसंग्रह आहे आणि मराठे-पोर्तुगीज संबंधांचे अभ्यासक पांडुरंग पिसुर्लेकर यांचाही आहे. असा संग्रह विद्यापीठाकडे आला की कुठले पुस्तक कुणाजवळ होते आणि त्याच्या शेजारी कुठले होते, हीसुद्धा संशोधनाची सामग्री बनते. संग्रह फोडून पुस्तके विषयवार कपाटांत विखुरली, तर ती सामग्री नाहीशी होते. तो एकत्र ठेवायचा निर्णय वरवर साधा दिसतो, पण तो ग्रंथपालाच्या विद्वत्तेचा भाग आहे.

याउलट अनुभव डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या महत्त्वाकांक्षी प्रकल्पाचा. लाखो पुस्तके स्कॅन झाली, त्यात मराठी पुस्तकेही भरपूर होती. पण शीर्षके आणि लेखकांची नावे अशा विचित्र रोमन वर्णजुळणीत नोंदली गेली, की पुस्तक असूनही शोधणाऱ्याला ते सापडू नये. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले. पुस्तके वाचली ती त्यांच्या प्रती इंटरनेट अर्काइव्हवर गेल्या होत्या म्हणून, आणि काही हौशी वाचकांनी नोंदी आपापल्या परीने दुरुस्त केल्या म्हणून. स्कॅन करणे म्हणजे जतन करणे नव्हे, हा धडा आपण फार महाग दराने शिकलो.

पुस्तक जपले तरी ते खुले करायला कायद्याची मुभा लागते. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे त्याच्या लेखनावर स्वामित्वहक्क असतो. ती मुदत संपलेली पुस्तके कुणालाही छापता, वाटता येतात. मुदत बाकी असलेल्यांची परवानगी घ्यावी लागते, आणि वारसांचा पत्ताच नसतो अशा पुस्तकांचे काय करायचे हा खरा पेच आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात स्वामित्वहक्काचा कायदा जाणणारा एक तरी माणूस असावा, ही आता चैन राहिलेली नाही.

६

चांगले सापडणे हा एक भाग, वाईट ओळखणे हा दुसरा. नेमणुका आणि बढत्या निबंधांच्या संख्येवर ठरू लागल्या तशी पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके बोकाळली. २०१८ साली पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतल्या, विद्यापीठांनी सुचवलेल्या १,००९ नियतकालिकांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत बसली नाहीत. त्यानंतर नव्या ‘केअर’ यादीचे काम पुण्याच्याच विद्यापीठातल्या प्रकाशन-नीतीच्या केंद्राकडे आले. २०२५ साली आयोगाने ती यादी ठेवणेही थांबवले आणि नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी विद्यापीठांवर सोपवली. यादी होती तोवर संशोधक यादी पाहून मोकळा होत असे. आता त्याला विचार करावा लागेल: संपादक मंडळावरची माणसे खरी आहेत का, निबंध तपासले जातात का, छापण्याचे पैसे आधीच मागितले जातात का, ज्या सूचीत नाव असल्याचा दावा आहे तिथे ते खरोखर आहे का. हे प्रश्न विचारायला शिकवण्याची जागा ग्रंथालयच आहे.

वाङ्मयचौर्याच्या तपासणीचे तसेच. आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार प्रबंधातले साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, पुढे पायरीपायरीने कारवाई कडक होते. तपासणीचे सॉफ्टवेअर ग्रंथालयात असते, म्हणून ‘किती टक्के आले?’ असे विचारत प्रबंध घेऊन आलेले विद्यार्थी तिथे दिसतात. टक्केवारीची भीती आहे, अवतरणचिन्हांची समज नाही. दुसऱ्याचे वाक्य शब्द बदलून लिहिले की टक्के उतरतात, चोरी मात्र तशीच राहते. आणि जुन्या फाँटांतला मराठी मजकूर यंत्राला वाचताच येत नसल्याने तिथे साम्य शून्य दिसते. यंत्राचा अहवाल वाचून त्याचा अर्थ विद्यार्थ्याला समजावणारा ग्रंथपाल तिथे नसेल, तर ही तपासणी निव्वळ एक शिक्का ठरते.

७

खुल्या शिक्षणाकडे वळू. भारतात या विषयावरचा सर्वांत बोलका वाद एका झेरॉक्सच्या दुकानावरून झाला. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस यांच्यावर दावा लावला. निरनिराळ्या पुस्तकांतली नेमलेली प्रकरणे एकत्र करून विद्यार्थ्यांसाठी संच बनवले जातात आणि ही पुस्तके बव्हंशी ग्रंथालयातली असतात, अशी तक्रार होती. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने, शिकवण्याच्या ओघात आणि त्यासाठी आवश्यक तेवढे साहित्य प्रत करून देणे स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ नुसार हक्कभंग ठरत नाही, ही भूमिका घेतली. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. विद्यार्थ्याला पाठ्यसामग्री मिळण्यासाठी कायद्याने राखून ठेवलेली ही जागा आपल्या अनेक महाविद्यालयांना अजून ठाऊक नाही. कुणी धास्तीने काहीच देत नाही, कुणी बेदरकारपणे पुस्तकच्या पुस्तके पीडीएफ करून गटावर टाकतो.

दृष्टिहीन वाचकांसाठीही कायद्याने वाट मोकळी केली आहे. २०१२च्या दुरुस्तीने त्यांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक तयार करण्याची मुभा दिली आणि याच विषयावरचा आंतरराष्ट्रीय माराकेश करार मान्य करणारा भारत हा पहिला देश ठरला. मुभा आहे, पण मराठी पाठ्यपुस्तक ऐकता येण्याजोग्या रूपात आणायचे तर पुन्हा युनिकोड मजकूरच लागतो. सगळ्या वाटा त्याच एका कामापाशी येतात.

इंग्रजीत खुल्या साधनांची वाण नाही. आयआयटींनी मिळून उभारलेल्या एनपीटीईएलवर अभियांत्रिकीची व्याख्याने आहेत, २०१७पासून ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ आहे, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याची पाठ्यपुस्तके आहेत. मराठीत पाहावे तर ऐवज आहे पण विखुरलेला. विश्वकोशाचे खंड आणि साहित्य-संस्कृती मंडळाचे ग्रंथ इंटरनेटवर मोफत आहेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९पासून घरी बसून शिकणाऱ्यासाठी मराठी पाठ्यसामग्री घडवली. नागपूरच्या विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने सार्वजनिक पैशातून पदार्थविज्ञानापासून तत्त्वज्ञानापर्यंत विद्यापीठीय पातळीची मराठी पुस्तके काढली. त्यांच्या प्रती जुन्या महाविद्यालयांच्या कपाटांत आजही भेटतात. राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर मराठीतून उच्च शिक्षणाची भाषा पुन्हा सुरू झाली आहे. ती करणाऱ्यांनी नवी पुस्तके लिहवून घेण्याआधी ही जुनी पुस्तके एकदा चाळावीत. कोणती आजही उपयोगी, कोणती सुधारून घ्यायची, कोणाच्या परवानग्या लागतील, ही यादी विद्यापीठांच्या ग्रंथपालांनी प्राध्यापकांबरोबर बसून केली, तर मराठी खुल्या शिक्षणाचा पाया अर्धा घातला गेला म्हणायचे.

प्राध्यापकांच्या टिपणांचाही विचार व्हावा. दरवर्षी हजारो शिक्षक एकाच अभ्यासक्रमाची टिपणे स्वतंत्रपणे काढतात आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर विरून जातात. परवाना लिहून, नाव घालून, ग्रंथालयाच्या भांडारात ठेवली तर पुढचा शिक्षक त्यांत भर घालू शकेल. यासाठी लागणारे तंत्रज्ञान बहुतेक विद्यापीठांकडे आधीच आहे. लागतो तो भरवसा, की आपले लेखन कुणी स्वतःच्या नावावर खपवणार नाही. तो भरवसा संस्थेने द्यायचा असतो.

८

हे सगळे कोण करणार? आपल्या विद्यापीठांचे वाचनकक्ष आज भरलेले असतात, पण त्यांतले बहुतेक जण स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी असतात. स्वतःची पुस्तके आणि पाण्याची बाटली घेऊन ते सकाळी जागा धरतात. त्यांना खुर्ची, दिवा, पंखा आणि शांतता हवी असते. त्यांची गरज खरी आहे आणि ती भागवणे योग्यच आहे. पण वाचनकक्ष भरला म्हणजे ग्रंथालय चालले, असा हिशेब प्रशासनाने मांडू नये. आतले कपाट, संदर्भ विभाग, नियतकालिकांचा विभाग यांचा वापर किती, विद्यार्थ्यांनी विचारलेल्या किती प्रश्नांची उत्तरे शोधून दिली गेली, हे मोजले पाहिजे. आणि ज्यांनी ती द्यायची त्या जागा रिकाम्या ठेवून, किंवा कंत्राटावर अकरा-अकरा महिन्यांनी माणसे बदलून, हे काम होणार नाही. तालिकाकाराला एखादा संग्रह ओळखीचा व्हायलाच काही वर्षे जातात. तो गेला की त्याच्या स्मरणातली सूचीही जाते.

या पुस्तकातले लेख तीन प्रकारच्या वाचकांना डोळ्यांसमोर ठेवून मांडले आहेत. संशोधक विद्यार्थ्याने नियतकालिकांची पारख आणि शोध घेण्याच्या पद्धती यांवरचे लेख आधी वाचावेत, विषय नोंदवण्यापूर्वी वाचले तर अधिक बरे. प्राध्यापकाने खुल्या साधनांच्या परवान्यांचे प्रकरण वाचावे आणि निदान एका विषयाची टिपणे त्यानुसार खुली करून पाहावीत. ग्रंथपालांना यात अनोळखी फारसे काही आढळणार नाही. मात्र आपल्या कामाची मांडणी कुलगुरूंपुढे आणि वित्त समितीपुढे कशी करावी, यासाठी त्यांना या पानांचा उपयोग व्हावा. चौथाही एक वाचक आहे, जो विद्यापीठात नाही. त्याच्या करातून ही ग्रंथालये चालतात. आपल्या जिल्ह्यातल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आपल्याला काय वाचता येते, हे त्याने जाऊन विचारावे.

मराठीतल्या संशोधनाच्या दर्जाविषयी आपण वारंवार खंत करतो. ती करताना एक साधी कसोटी लावून पाहावी. एखाद्या मराठी प्रबंधातले महत्त्वाचे विधान दहा वर्षांनी दुसऱ्या गावच्या अभ्यासकाला सापडते का, त्यामागचे साधन त्याला उघडून पाहता येते का, आणि चूक असेल तर ती दाखवता येते का? ज्या विद्यापीठात या तिन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी येते तिथे संशोधन चालू आहे असे म्हणता येईल. बाकी ठिकाणी नुसत्या पदव्या दिल्या जातात, मग इमारत कितीही देखणी असो.